इरास्मसची सनद नुसत्या हमीवर द्यावी का?

निळीशाई:
युरोपातल्या इरास्मस देवाणघेवाणीत (विद्यार्थ्याने काही काळ दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिकण्याच्या योजनेत) उतरायचं तर विद्यापीठाकडे इरास्मस सनद (चार्टर) लागते. युरोपीय संघाच्या २७ देशांना आणि नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनस्टाइन, सर्बिया, उत्तर मॅसेडोनिया, तुर्की यांनाही हे लागू आहे. सध्याची सनद २०२१ ते २०२७ साठीची. आपल्या देशात उच्चशिक्षण संस्था म्हणून मान्यता असली की अर्ज करायचा, सोबत धोरणनिवेदन जोडायचं आणि काही हम्या द्यायच्या: भेदभाव करणार नाही, आलेल्या विद्यार्थ्याकडून शिकवणी, नोंदणी, परीक्षेचं शुल्क घेणार नाही, विषयांची यादी वेळेत जाहीर करू, तिकडच्या क्रेडिट्सना पूर्ण मान्यता देऊ.

सगळा डोलारा या शेवटच्या हमीवर उभा आहे. मी एक सत्र बाहेर शिकून आले. जाण्याआधी लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर, म्हणजे काय शिकायचं याच्या करारावर, तीन सह्या झाल्या: माझी, माझ्या विद्यापीठाची, तिकडची. पहिल्या तक्त्यात तिकडे घ्यायचे विषय, दुसऱ्यात त्यांच्या बदल्यात इकडचे सुटणारे. ३० क्रेडिट्स पूर्ण करून परतले, तर विभागात सांगितलं, "संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम जुळत नाही, पेपर पुन्हा द्या." त्याच कागदावर याच विभागाची सही होती! मी पेपर दिला. माझं मत स्पष्ट आहे: सनद नव्याने देताना आधीच्या विद्यार्थ्यांची किती क्रेडिट्स धरली, हे तपासा.

गणकयंत्र:
असहमत. तुमच्यावर अन्याय झाला, यात वाद नाही. पण तो विभागाने दिलेला शब्द मोडल्याचा आहे, प्रवेशाच्या अटींचा नाही. सनद म्हणजे पैसे नव्हेत, ते फक्त दार आहे. अनुदानासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. १९८७ साली योजना सुरू झाली आणि ११ देशांतून ३२४४ विद्यार्थी गेले, तेव्हा कुणाकडे कसला पूर्वानुभव होता? आकडे मागायला लागलात तर आधीपासून मोठी असलेली विद्यापीठंच टिकतील. पंचवीस-तीस मुलं पाठवणाऱ्या संस्थेत दोन प्रकरणं बिघडली की टक्केवारी कोसळते.

निळीशाई:
नव्या संस्थेला हमीवर घ्या, हे मलाही मान्य आहे. मी बोलतेय ते दुसऱ्यांदा दाराशी आलेल्यांबद्दल.

सांजवेळ:
मी विद्यापीठात ही देवाणघेवाण सांभाळणाऱ्या कार्यालयात काम करते, म्हणून दुसरी बाजू मांडते. विषयांची यादी वसंतात जाहीर होते, शिक्षक उन्हाळ्यात रजेवर जातात आणि इंग्रजीतला विषय रद्द होतो. विद्यार्थी आल्यावर पहिल्याच आठवड्यात बदलाचा तक्ता भरावा लागतो आणि पुन्हा तीन सह्या. क्रेडिट्सच्या आकड्यावर सनद अवलंबून राहिली, तर आम्ही डोळे झाकून सगळं मंजूर करू किंवा मुलांना सोप्या विषयांकडे वळवू. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास, ही अट मग कागदावरच राहील. मला ही भीती खरी वाटते.

मुशाफिर:
पात्रता केवळ शैक्षणिक नसते, हेही बघा. डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या परिषदेने हंगेरीतल्या 'सार्वजनिक हित' न्यासांशी संघाच्या निधीचे नवे करार करायला बंदी घातली. २० हून अधिक विद्यापीठं अशा न्यासांकडे आहेत. सनद हातात असून निधीचा मार्ग बंद! मुलांचा यात काय दोष?

गणकयंत्र:
न्यासांच्या मंडळांवर सत्तेतली माणसं बसवली होती. सार्वजनिक पैसा जिथे जातो, तिथे हितसंबंध तपासायलाच हवेत. मुलांची सोय वेगळ्या मार्गाने लावा, पण म्हणून अट सैल करू नका.

मुशाफिर:
वेगळा मार्ग म्हणजे दुसरी योजना, दुसरा निधी, नव्याने करार. तोवर ज्याचं शेवटचं वर्ष आहे त्याची संधी गेलीच.

सांजवेळ:
निळीशाई, टक्केवारीला माझा विरोध कायम आहे. पण एक गोष्ट मोजता येईल. निकाल लागल्यावर गुणपत्रक साधारण पाच आठवड्यांत पाठवायचं असतं. निकालाची तारीख आणि पाठवल्याची तारीख, दोन्ही आमच्या नोंदीत असतात. त्या मागायला काहीच हरकत नाही.

निळीशाई:
मग तिसरी तारीखही मागा: ते गुणपत्रक हाती आल्यावर माझ्या विद्यापीठाने विषय माझ्या नावावर कधी चढवले. माझ्या बाबतीत ती जागा अजून कोरी आहे.