मदत हवी आहे: माशाच्या डोक्यातल्या खड्यावरून वय कसं मोजायचं?

सागरिका_७
लेकीच्या विज्ञान प्रकल्पासाठी दोन खडे धुऊन ठेवलेत. वर्तुळं मोजायची म्हणतात, पण मला नुसता पांढरा दगड दिसतोय. भिंग आहे. सोमवारी द्यायचंय, लवकर सांगा.

खाडीकाठ
अहो, मासा कुठला? केवढा होता?

दर्यावर्दी
खडे कशाला? वजन सांगा, वय मी सांगतो. तीस वर्षं बोटीवर काढलीत.

सागरिका_७
घोळ. वसईच्या बाजारातून फक्त डोकं आणलं होतं, वजन कुठून सांगू?

चिंबोरी
बोत, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, काढून घेतलं होतं का? घोळीचा खरा पैसा त्यातच.

मीनाक्षर
दर्यावर्दीकाका, वजनावरून नेमकं वय निघत नाही. बहुतेक मासे मरेपर्यंत थोडे थोडे वाढतात, पण वेग ठरतो खाण्यावर आणि पाण्याच्या उबेवर. अंडी धरायला लागले की खाल्लेलं तिकडे जातं, लांबी मंदावते.

दर्यावर्दी
म्हणजे दोन किलोची आणि वीस किलोची घोळ एका वयाची?

मीनाक्षर
तसं कुठे म्हटलं? मोठी बहुधा वयानेही मोठी. किती वर्षांनी, ते वजन सांगणार नाही.
ताई, खडा कानातला असतो, तोल सांभाळायला आणि ऐकायला. त्यावर चुन्याचे थर चढत जातात. ते वरून दिसत नाहीत. मधोमध आडवा तोडा, तुटलेली बाजू बारीक पॉलिश पेपरवर पाण्याने घासा, तेलाचा थेंब लावा, उजेड बाजूने पाडा. एकच खडा तोडा, दुसरा राखून ठेवा.

खाडीकाठ
त्यापेक्षा खवले बघा, सोपं पडतं. मी नदीच्या माशांचे तसेच बघतो.

मीनाक्षर
गळून पुन्हा आलेल्या खवल्यात आधीची वर्षं नसतात. शिवाय यांच्याकडे डोकंच आहे.

सागरिका_७
तोडला. मधे करडा ठिपका, भोवती फिकट-गडद पट्टे. मी सहा मोजले, लेकीने आठ. ती विचारतेय, ही घोळ म्हातारी होऊन मेली असती का?

मीनाक्षर
फार थोडे मासे तिथवर पोचतात. लाखो अंड्यांतली बहुतेक पिल्लं पहिल्या काही आठवड्यांतच कुणाच्या तरी तोंडी जातात किंवा उपाशी मरतात.

खाडीकाठ
वांबीचं, म्हणजे त्या सापासारख्या लांब माशाचं, निराळं. वर्षानुवर्षं नदीत राहते, अंडी घालायला समुद्रात उतरते ती परत येत नाही.

चिंबोरी
माझ्या टाकीतला गोल्डफिश नऊ वर्षांचा आहे, हल्ली तळाशीच बसतो. काय करू?

मीनाक्षर
त्यासाठी वेगळा धागा काढा. सागरिकाताई, सहा आणि आठ दोन्ही आकडे वहीत लिहा. थंड देशांत हिवाळ्याचा पट्टा ठसठशीत उमटतो, आपल्या समुद्रात पट्टे पुसट असतात. एक पट्टा म्हणजे एक वर्ष असं ठाम लिहू नका. उद्या खडा पुन्हा मोजा, आधीचा आकडा न बघता.

सागरिका_७
मोजते. मासळीवालीला घोळीची लांबी आठवतेय का, तेही सकाळी विचारते.