विषय: भाडं वेळेवर भरतोय, तरी मुलाची क्रेडिट हिस्टरी कोरीच

प्रेषक: एका विद्यार्थ्याची आई, जुळे सोलापूर

सप्रेम नमस्कार मंडळी,

मुलगा डॅलसजवळ एमएस करतोय, चौघं एका फ्लॅटमध्ये राहतात. भाडं, लाईट बिल, इंटरनेट सगळं तारखेच्या आत जातं. तरी जुनी गाडी घ्यायला कर्ज मागितलं तर 'क्रेडिट हिस्टरी नाही' म्हणून नकार आला. आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. आजवर कुणाचे पैसे थकवले नाहीत, म्हणून यांना सूतवाले नुसत्या फोनवर उधारीत माल देतात. तिथे मुलाचा चोख व्यवहार कुणाला दिसतच नाही का? भाड्याची नोंद लावून देणाऱ्या सेवा असतात म्हणे. त्यासाठी पैसे मोजावेत का? क्रेडिट कार्डापासून लांब राहा, असं मी त्याला बजावलंय.

---

प्रेषक: जुनी सभासद, प्लेनो

वहिनी, माझं माहेर नवी पेठेतलं, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

इथे कर्जफेडीच्या नोंदी तीन ब्युरोंकडे, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे, असतात: एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन. बँका आणि कार्ड कंपन्या त्यांना नियमित कळवतात. घरमालक आणि वीज कंपनी सहसा कळवत नाहीत. पण बिल थकून वसुली एजन्सीकडे गेलं, तर तो डाग सात वर्षं राहू शकतो. वेळेवर भरणाऱ्याला श्रेय नाही आणि चुकणाऱ्याची नोंद पक्की, हा नव्याने आलेल्या पोरांवर अन्यायच आहे.

आधी लीजवर, म्हणजे भाडेकरारावर, त्याचं नाव आहे का ते बघा. बहुतेक ठिकाणी एकाच्याच खात्यातून भाडं जातं आणि बाकीचे तिघं त्याला 'झेल' (Zelle) या बँकांच्या सेवेने पैसे पाठवतात. मग घरमालकाच्या हिशेबात भाडं भरणारा तो एकटाच.

भाडेकरूला स्वतः ब्युरोला कळवता येत नाही. ते घरमालक किंवा नोंदणी सेवाच करते. त्याने अपार्टमेंटच्या ऑफिसात विचारावं: ही सोय आहे का, किती ब्युरोंना कळवता, आणि उशीर झाला तर तोही कळवता का? हा शेवटचा प्रश्न विसरू देऊ नका. बाहेरच्या सेवेला दरमहा पैसे देण्याची घाई मी तरी करणार नाही, कारण कर्ज देणारे या नोंदींवरून काढलेला स्कोअर (गुण) बघतात, आणि बऱ्याच ठिकाणी अजून वापरला जाणारा फिको ८ स्कोअर भाडं धरतच नाही. फिको ९, १० या त्याच्या नव्या आवृत्त्या आणि व्हँटेजस्कोअर हा दुसरा स्कोअर धरतात.

वीज, फोन, इंटरनेटच्या बिलांसाठी एक्स्पेरियन बूस्ट आहे. २०१९पासून सुरू आहे, फुकट आहे. बँक खातं जोडायचं, त्यातून भरलेली बिलं ते शोधतात. फायदा मात्र एक्स्पेरियनच्याच नोंदीत, आणि बिल त्याच्या खात्यातून गेलेलं हवं.

आणि वहिनी, कार्डाबद्दल थोडं ऐका. सिक्युअर्ड कार्डात आधी ठेव ठेवायची, साधारण तेवढीच मर्यादा मिळते. किराणा त्यावर घ्यायचा आणि महिन्याचं बिल पूर्ण फेडायचं, म्हणजे खरेदीवर व्याज लागत नाही. फिको स्कोअर तयार व्हायला निदान एक खातं सहा महिने जुनं लागतं, तेव्हा हे आजच सुरू केलेलं बरं. त्याची खरी भिस्त यावरच राहील.

---

प्रेषक: सभासद, सॅन होजे

ताईंच्या म्हणण्यात थोडी भर. आमच्या कॅलिफोर्नियात १ एप्रिल २०२५पासून बहुतेक मोठ्या घरमालकांना वेळेवर भरलेल्या भाड्याची नोंद करून देण्याची सोय द्यावीच लागते. शुल्क महिन्याला १० डॉलरच्या वर नाही. डॅलस ज्या राज्यात आहे त्या टेक्सासला हा कायदा लागू नाही. पण भाडं रोखीत देऊ नका, हे सगळीकडेच लागू. २०२१पासून, बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या 'फॅनी मे' या संस्थेची यंत्रणा पहिलं घर घेणाऱ्याच्या बँक स्टेटमेंटमधलं बारा महिन्यांचं भाडंही विचारात घेऊ शकते.

---

प्रेषक: विद्यार्थ्याची आई, जुळे सोलापूर

ताई, दादा, फार आभार. रात्री व्हिडिओ कॉलवर त्याला दोन्ही मेल वाचून दाखवल्या. लीजवर चौघांची नावं आहेत, पण भाडं खरंच एकाच्याच खात्यातून जातंय, आणि वीजही त्याच मुलाच्या नावावर. फोनचं बिल तेवढं आमच्या मुलाच्या खात्यातून जातं, ते तो बूस्टला जोडतोय. सिक्युअर्ड कार्डाला यांनीही होकार दिला, फक्त पूर्ण बिलाचं ऑटोपे पहिल्या दिवसापासून लावायचं ठरलंय. ऑफिसच्या पोर्टलवर चौघांना आपापला वाटा वेगवेगळा भरता येतो, असं त्याला आज कळलं. पुढच्या महिन्यापासून तसंच भरणार आहेत.