मदत हवी आहे: घरी बनवलेल्या सँडरचा पट्टा सारखा उतरतोय

रंधा_भांडुप
तीन रविवार गेले. बेल्ट सँडर (सँडपेपरचा पट्टा फिरवून लाकूड घासायचं मशीन) घरीच बनवलाय. सगळं जोडून झालं, पण चालू केला की पट्टा उजवीकडे सरकतो आणि दहा सेकंदांत बाहेर. रोलर समांतर आहेत, गुण्या लावून तपासले. काय चुकतंय? गणपतीचं मखर करायचंय, जरा लवकर सांगा.

कानस
पट्टा केवढा? रोलर कशाचे? मोटर कुठली? फोटो? आम्ही कुडमुडे जोशी नाही.

रंधा_भांडुप
४ बाय ३६ इंची, नेहमीचाच. मोटर अर्ध्या एचपीची.

कानस
आणि रोलर??

सागवान
हे उद्योग सोडा, तयार मशीन आणा. आणि सागाला आधी ८० नंबरचा सँडपेपर, मग १२०, मग १८०. मधला टप्पा गाळलात तर पॉलिशखाली रेघा दिसतात.

रंधा_भांडुप
मखर प्लायचं आहे हो. विचारलं काय, सांगताय काय!

लेथवाला
रोलर सपाट असणार, पैज लावतो. पट्टा नेहमी जास्त व्यासाकडे चढतो. म्हणून एक रोलर तरी मधे फुगीर हवा, मग तो मधेच राहतो. ४ इंच रुंद रोलरला मधला व्यास मिलिमीटरभर जास्त असला की पुरे. दुसरा रोलर स्प्रिंगवर घ्या आणि किंचित तिरका करायला एक स्क्रू ठेवा. नुसतं समांतर असून भागत नाही.

जुगाडू
एवढं कशाला? रोलरच्या दोन्ही टोकांना मोठे वॉशर लावा. पट्टा जाईल कुठे?

लेथवाला
वॉशरला घासून कडा फाटेल. चिंध्या होतील.

जुगाडू
माझा दोन वर्षं चाललाय.

रंधा_भांडुप
रोलर ३ इंच व्यासाच्या पीव्हीसी पाइपचे, आत प्लायच्या चकत्या. सांगायचं राहिलं.

कानस
राहिलं म्हणे! मोटर १४४० आरपीएमची की २८८०?

रंधा_भांडुप
१४४०. रोलर थेट शाफ्टवरच आहे.

कानस
म्हणजे पट्टा मिनिटाला साधारण ३४५ मीटर. ठीक. २८८० असती तर दुप्पट, मग त्या पाइपचं काही खरं नव्हतं.
अवांतर: ६२०२ नंबरची बेअरिंग हवी असतील तर नागदेवीच्या बाजारात जा. लोहार चाळीत वायरी आणि स्विचच मिळतील.

वरच्या_मजल्यावरची
हे गॅलरीत चालवता का? आमच्या खालचे एक गृहस्थ चालवतात, सगळा भुसा आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. निदान व्हॅक्यूम तरी जोडा.

रंधा_भांडुप
रोलरच्या मधोमध इन्सुलेशन टेपचे तीन वेढे दिले, खालचा रुंद, वरचे अरुंद. पट्टा सरकायचा थांबला! लेथवाले, मानलं. पण आता प्लाय टेकवला की मोटर फिरते आणि पट्टा जागच्या जागी.

लेथवाला
पीव्हीसी गुळगुळीत, पकड कुठून येणार? मोटरवरच्या रोलरला टेपवरूनच सायकलची जुनी ट्यूब घट्ट चढवा. स्प्रिंगही थोडी कडक करा.

रंधा_भांडुप
ट्यूब आहे घरात. आत्ताच चढवून बघतो.

वरच्या_मजल्यावरची
रात्रीचे साडेदहा वाजलेत. कुठली चाळ म्हणालात तुमची?