मदत हवी आहे : मिन्युएट मांजरीच्या पोटाखालच्या केसांच्या गाठी, आणि किडनीची तपासणी

आमची मांजर मिन्युएट जातीची आहे, मंचकिन आणि पर्शियन यांचा संकर. पाय मंचकिनचे, आखूड. केस पर्शियनचे, लांब आणि मऊ. त्यामुळे पोटाखालचे केस सतत जमिनीला घासतात. पाठीवर आणि शेपटीवर कंगवा छान फिरतो, पण काखेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला बारीक गाठी होतात. तिथली कातडी इतकी पातळ असते की कात्री लावायची माझी हिंमत होत नाही. पोटाला हात लागला की ती लगेच मागच्या पायांनी ढकलते. तिथले केस ट्रिमरने बारीक ठेवणं बरं, की रोज थोडं थोडं विंचरून सवय लावावी? कोणी हे केलं असेल तर नीट सांगा.

दुसरी काळजी जास्त मोठी आहे. पर्शियन रक्तामुळे किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आजार (पीकेडी) येऊ शकतो, आणि आई-बाबांपैकी एकाकडून सदोष जनुक आलं तरी तो होतो. तिच्या आईवडिलांचे रिपोर्ट माझ्याकडे नाहीत. जनुकीय चाचणी गालाच्या आतल्या स्वॅबवरही होते, सोनोग्राफीत गाठी दिसतात. आधी काय करून घ्यावं?

आणि हो, ती पलंगावर धडपडत चढते आणि खाली मात्र थेट उडी मारते. पुढच्या सांध्यांवर ताण येईल असं वाटतं. उतरायला पलंगाला रॅम्प (तिरकी फळी) लावला असेल, तर तो वापरायला मांजरीला कसं शिकवलंत?