उभं पीक आणि सरवा : फरक काय?

कापणी न झालेल्या पिकाला 'सरवा' म्हणतात का, असा प्रश्न आहे. नाही. ते उभं पीक. सरवा म्हणजे काढणी आटोपल्यावर वावरात राहून गेलेली कणसं, शेंगा. दोन्हीत दाणा वावरातच असतो, म्हणून घोळ होतो. पण उभं पीक मालकाचं, सरवा वेचणाऱ्याचा. भुईमूग निघाला की आजी आम्हाला खुरपं देऊन दुसऱ्याच्याही वावरात पाठवायची, कोणी हटकत नसे. तीच शेंग आठ दिवस आधी उपटली असती तर चोरी झाली असती.

'उभं'चा उंचीशी संबंध नाही. भुईमूग जेमतेम वीतभर, तरी काढेपर्यंत उभाच. आई फोनवर अहिराणीत म्हणते, "दादर आजून वावरमा उभी शे", म्हणजे दादर ज्वारी अजून वावरात उभी आहे. त्यात दाणा अजून घरात आला नाही, पाखरांची आणि पावसाची भीती आहे, हे सगळं येतं.

कपाशीला मात्र हा शब्द पुरत नाही. वेचणी टप्प्याटप्प्यानं होते आणि कापूस घरी आला तरी झाड उभंच राहतं. म्हणून आमच्याकडे विचारतात, "किती वेचण्या राहिल्या?" बोंडं संपली की ती पऱ्हाटी. तिलाच पाणी देऊन पुन्हा बोंडं धरली तर फरदड. त्यावर गुलाबी बोंडअळीची सोय होते, म्हणून ती घेऊ नये.

कायद्यात तर गंमतच आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं उभी पिकं स्थावरातून वगळली आणि १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता त्यांना जंगम मालमत्तेत धरते. मुळं जमिनीत, तरी जंगम! कापून नेण्यासाठीच पेरलेलं असतं, हे लक्षात घेतलं की पटतं.

एक अवस्था राहिली : सोंगून, म्हणजे कापून, वावरातच सुकायला पसरलेलं पीक. ते उभं नाही आणि सरवाही नाही. अहिराणीत "सोंगीसन पडेल शे" (सोंगून पडलेलं आहे) म्हणतात, प्रमाण मराठीत इतका नेमका शब्द मला सापडत नाही. पीकविम्यात अशा पिकाच्या हानीला काढणीपश्चात नुकसान म्हणतात; महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपाआधी कापणीपासून १४ दिवसांपर्यंतच ते धरत, त्यानंतर ते विम्यातून वगळलं. म्हणून तेव्हा सोंगलेली दादर पावसात भिजली, तर अर्जात 'उभं पीक' लिहून चालत नसे. कापणीची तारीखही घालावी लागे.