मदत हवी आहे: या पंखवाल्या मुंग्या कोणत्या? (नागपूर)

काल पाऊस उघडल्यावर ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या मुंग्या जमल्या, चार पकडल्या. वाळवी नाही हे नक्की: मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, कंबर बारीक, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. तिघांचं डोकं अगदी लहान, ते नर असावेत. चौथी साधारण 14 मिमी, काळी, तांबूस पायांची, छातीनं भरदार. रात्रीतून तिनं पंख टाकले, डबीच्या तळाशी चारही पडलेत. भिंगातून कंबरेवर एकच गाठ दिसते, म्हणून मुंगळ्याची, कॅम्पोनोटसची राणी वाटते. टेस्ट ट्यूबमध्ये पाणी-कापूस लावून अंधारात ठेवलीय, खायला काही दिलेलं नाही. तिला मारायचं नाहीये. जात ओळखायला जिवंतपणी नेमक्या कोणत्या भागांचे फोटो काढू?