गाळ निघाला, पण मजुराच्या हाती काय आलं?

शिवारफेरी
यंदा आमच्या पाझर तलावातला गाळ निघाला. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’मधून, मशीन एका संस्थेचं, डिझेलचे पैसे सरकारचे. सुपीक गाळ पडला ज्याच्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉली त्याच्या रानात. तलावाखालच्या वस्तीत नऊ घरं भूमिहीन, त्यांनी तो कुठं टाकायचा? १९७२ च्या दुष्काळात असेच तलाव माणसांनी खोदले, मजुरी हातात पडली. पुढं वि. स. पागे यांनी मांडलेली, मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी योजना (रोहयो) कायद्यात आली, १९७७ साली. शहरातल्या पगारदाराचा व्यवसाय कर त्यासाठीच लावला होता. तो मजुराचा हक्क होता. आता देणगीचं मशीन चालतं आणि मजूर बांधावर उभा राहून बघतो.

रानमाती
साफ चूक. मी रोहयोच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, काम केलंय. मजुरी तीन महिन्यांनी जमा झाली, तोवर किराणा उधारीवर. आणि घमेल्यानं तलाव पावसाआधी रिकामा होतो का? पोकलेननं होतो. पाणी टिकलं की रब्बी येते, कांदालागवड, खुरपणी येते, तीच वस्तीची मजुरी. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्या असं २०१३ चा कायदाच सांगतो. तो पैसा गावात आला तर परत पाठवायचा? लहान शेतकऱ्याला गाळ वाहायला आता एकरी १५,००० रुपयांपर्यंत अनुदानही आहे, अडीच एकरांपर्यंत.

शिवारफेरी
अनुदानाचं खरंय, मी ते लिहायला हवं होतं. पण त्यालाही सातबारा लागतो. आणि खुरपणीचा रोज शेतमालक ठरवतो, कायदा नाही.

चुलीपाशी
पानी फाउंडेशनच्या वॉटर कपला, म्हणजे पाणी अडवायच्या गावागावांतल्या स्पर्धेला, मी पहाटे श्रमदानाला जायचे. उतारावर पाणी अडवणारे सलग समतल चर खोदले, जमीनवाल्यांच्या सुनांच्या रांगेत उभी राहून टोपल्या दिल्या. त्यांच्या विहिरींना पाणी वाढलं, आनंदच आहे. माझी विहीर नाही, त्या दिवसांचा रोज मात्र बुडाला. मशीनला माझा विरोध नाही. गाळ मशीननं काढा, पण चर, बांधबंदिस्ती, झाडं रोहयोवर घ्या, आणि तलावातल्या मासेमारीचा ठेका भूमिहीन बायांच्या गटाला द्या. हे सगळं मशीन मागायच्या ठरावातच लिहून घ्या, नंतर कुणी ऐकत नाही.

रानमाती
ताई, मासेमारीचं पटलं. आमच्याकडे ठेका दरवर्षी बाहेरगावचा माणूस घेतो, ग्रामसभेत विषय मांडतो. मस्टरवर मात्र माझा भरवसा नाही. मशीनचा अर्ज मी करणारच.